टीव्ही गेममधून निघणारी मींड

पडद्यावर दिसणारा हा बोर्ड नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात मिळणाऱ्या टीव्ही गेमचा आहे. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आणि नवरात्रात गरब्याला कीबोर्डची साथ करणाऱ्या एका मराठी वादकाने त्याचे मिडी साउंड मॉड्यूल केले आहे. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना संदेश देण्याची ठरलेली पद्धत. म्हणजे पट्टी कीबोर्डवर दाबली जाते आणि आवाज या जुन्या चिपमधून निघतो. चित्र तयार करणारी चिप निकामी झाल्यामुळे हा गेम माळ्यावर पडून होता, पण आवाजाची बाजू शाबूत होती. या कामासाठी असाच बोर्ड घ्यावा, असे आम्हालाही मनापासून वाटते. चालू स्थितीतील जुनी यंत्रे आता फार उरलेली नाहीत, आणि आवाजासाठी चित्राची चिप लागतही नाही.

मुख्य चिपमध्ये ६५०२ जातीचा प्रोसेसर आणि आवाजाचे पाच मार्ग एकत्र आहेत. त्यांपैकी दोन चौकोनी लहरीचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांचा आहे. मूळ जपानी यंत्राचे घड्याळ सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके देते, तर पॅल पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेल्या या नकलेचे घड्याळ सुमारे १७.७३ लाख ठोके देते. फरक किरकोळ दिसतो; परंतु कोणत्या स्वरासाठी चिपला कोणता आकडा द्यायचा हे सांगणारा मूळ यंत्राचा स्वरांचा तक्ता येथे जसाच्या तसा वापरला, तर प्रत्येक स्वर सुमारे सोळा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक षष्ठांशाने, उतरलेला लागतो. हार्मोनियमशेजारी बसून वाजवायचे असेल तर हे चालणार नाही. म्हणून तक्ता नव्याने मांडावा लागला.

मिडीचे प्रमाणही १९८३ सालचेच आहे. त्यात सेकंदाला ३१,२५० बिट येतात, म्हणजे एका बाइटला ३२० मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात आपल्या प्रोसेसरला सुमारे ५६७ ठोके मिळतात. एवढी सवड पुरेशी आहे. पाच पिनांच्या सॉकेटमधून आलेला संदेश आधी ऑप्टोकपलरमधून जातो. तेथे तो प्रकाशाच्या रूपाने पलीकडे पोहोचतो, त्यामुळे दोन यंत्रांचे ग्राउंड जोडले जात नाहीत आणि गुणगुण शिरत नाही. त्यानंतर एक छोटा मायक्रोकंट्रोलर तो बाइट ४०२१ या शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे आठ बिट धरून ते एकेक करून पुढे देणाऱ्या आयसीमध्ये, ठेवतो. मूळ यंत्राच्या जॉयस्टिकमध्ये हीच आयसी असते, आणि जॉयस्टिकची बटणेही आठच असतात. त्यामुळे बोर्ड नेहमीप्रमाणे आठ बटणे वाचतो आणि त्याच्या हाती मिडीचा एक बाइट पडतो. आम्हाला ही युक्ती फार सुंदर वाटते, कारण तिच्यासाठी बोर्डावरची एकही वाट तोडावी लागत नाही. वाचलेल्या बाइटचे काय करायचे, हे सांगणारा प्रोग्राम ३२ किलोबाइटच्या ईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीच्या चिपमध्ये, भरून जुन्या कॅसेटमध्ये बसवला आहे. फॅमिकॉममध्ये, आणि म्हणून त्याच्या नकलांतही, परकी कॅसेट अडवणारी कुलूप-चिप नसते.

येथपर्यंतचे काम जगात अनेकांनी केले आहे. बडोद्यातील या वादकाची खरी झटापट पुढे सुरू झाली, ती मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाण्यासाठी. मिडीचा पिच बेंड स्वर सरकवण्यासाठी १६,३८४ पायऱ्या देतो. चिपकडे मात्र स्वर ठरवण्यासाठी अकरा बिटांचा एक आकडा असतो, आणि स्वर जितका उंच तितक्या त्याच्या पायऱ्या मोठ्या होतात. ४४० हर्ट्झपासून पुढच्या अर्ध्या स्वरापर्यंत चौकोनी लहरीला साधारण चौदाच पायऱ्या मिळतात. एक सप्तक खाली उतरले की अठ्ठावीस मिळतात आणि एक सप्तक वर गेले की सातच उरतात. तार सप्तकातील मींड त्यामुळे जिना चढल्यासारखी ऐकू येते.

मंद्रात उतरावे, तर दुसरी अडचण उभी राहते. हा अकरा बिटांचा आकडा दोन तुकड्यांत लिहावा लागतो, आणि त्यातील वरचा तुकडा लिहिताच चौकोनी लहर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते; मींडेच्या मधोमध बारीकसा ‘टक’ असा आवाज येतो. षड्ज पांढरी एकमध्ये धरला, तर मध्य सप्तकात वरचा तुकडा बदलण्याचा हा सांधा सुमारे ४३३ हर्ट्झला, म्हणजे कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये पडतो. मंद्र सप्तकात असे सांधे दोन होतात, कारण तेथे शुद्ध रिषभाच्या किंचित खाली आणखी एक येतो. ज्या सप्तकात पायऱ्या बारीक आहेत, तेथेच सांधे जास्त आहेत.

तोडगा त्रिकोणी लहरीत सापडला. तिचा आकडा लिहिताना लहर पुन्हा सुरू होत नाही, म्हणून तिच्या मींडेत ‘टक’ येत नाही. तिच्या पायऱ्या चौकोनी लहरीच्या दुप्पट मोठ्या आहेत, हे खरे. तरी मंद्रात अर्ध्या स्वराला चौदा पायऱ्या मिळतात आणि तेवढ्या कानाला पुरतात. म्हणून या मॉड्यूलमध्ये मींड फक्त त्रिकोणी लहर घेते. दोन्ही चौकोनी लहरींना हार्मोनियमचे, म्हणजे सुट्या आणि ठाम स्वरांचे काम दिले आहे, आणि ठेक्याच्या ठोक्यांना खरखरीचा मार्ग नेमला आहे. ध्वनिमुद्रित तुकड्यांचा पाचवा मार्ग बंद ठेवला आहे, कारण मूळ जपानी चिपमध्ये तो चालू असताना जॉयस्टिकचे वाचन चुकू शकते, आणि येथे तर सगळे संगीत त्याच वाचनातून येते.

त्रिकोणी लहरीची एक उणीव राहते. तिला आवाज लहान-मोठा करण्याची सोय नाही. ती वाजते किंवा गप्प असते. सुदैवाने चिपची पहिली पिन केवळ चौकोनी लहरींची आहे आणि दुसऱ्या पिनेवर त्रिकोणी लहर व खरखर एकत्र येतात. या दोन्ही पिना स्वतंत्रपणे बाहेर काढून मिक्सरच्या दोन वाहिन्यांना जोडल्या आहेत. मींडेचा आवाज वादक मिक्सरवर हाताने राखतात, आणि खरखरीला चिपमध्येच सोळा पातळ्या असल्यामुळे ठेका त्या मानाने प्रोग्राममधून चढवता किंवा उतरवता येतो.