आबा, सांगितलं असतं तर...

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं संपादित.)

मंडळी, तिळगूळ घ्या, गोड बोला. कार्यकारिणीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपली परंपरा’. मी आइस हॉकीवर बोलणार आहे. अध्यक्षांनी आत्ताच कपाळाला हात लावला, तो मला इथून दिसला.

गेल्या रविवारी आमच्या घरी भांडण झालं. थालीपीठं चालली होती. आमची नात तेरा वर्षांची, डिफेन्सला खेळते. थालीपीठावर लोणी पसरता पसरता ती सहज बोलून गेली, की लीगमधल्या एका टीमची मुलगी तिला दोन वर्षं आपल्या लोकांना हिणवणाऱ्या एका विशिष्ट शब्दाने हाक मारते. शब्द सांगत नाही. हातात तिळगूळ आहे, आणि सत्तरच्या दशकात इथे उतरलेल्यांना तो न सांगताही कळला असेल. झालं! मुलगा ताटावरून उठला, सूनबाईंचा आवाज चढला. हॉकी बंद, कोचला फोन, त्यापेक्षा बॅडमिंटनला घाला. मी नातीला विचारलं, “अगं, दोन वर्षं बोलली का नाहीस?”

“आबा, सांगितलं असतं तर तुम्ही मला काढलं असतं ना टीममधून.”

आणि आजीकडे दुसरं थालीपीठ मागितलं.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. तर आधी हॉकीचं सांगतो.

मी 1975 साली इथे, टोरंटोला आलो. ऑफिसात कोणी तरी हॉकीबद्दल विचारलं, तर मी ध्यानचंदांवर अर्धा तास बोललो. ते लोक सभ्य होते, ऐकून घेतलं. बेसमेंटमध्ये आम्ही चौघं, एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, शनिवारी रात्री कुकरमध्ये खिचडी आणि पडद्यावर आपल्या टोरंटोची टीम, मेपल लीफ्स. मला तो पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कधी दिसलाच नाही. सगळे ओरडले की मी ओरडायचो, दोन सेकंद उशिरा. पण एक माणूस दिसायचा. नंबर 21. समोरचा खेळाडू चेंडूगत उडणाऱ्या त्या रबरी चकतीला जीव खाऊन फटका मारतोय आणि हा आपला खुशाल तिच्या वाटेत आडवा होतोय! बोर्ये साल्मिंग. डिफेन्समन.

हा माणूस स्वीडनच्या पार उत्तरेचा, किरुनाकडचा. तिथे लोखंडाच्या खाणी. वडील सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वंशाचे, खाणीतल्या अपघातात गेले तेव्हा हा पाच वर्षांचा. ब्रीनेस क्लबकडून खेळून तिथे दोनदा विजेतेपद मिळवलं. टोरंटोचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, तिथे गेला होता, त्याच्या नजरेत भरले हा आणि हामरस्ट्रोम नावाचा फॉरवर्ड. 1973 मध्ये दोघेही इथे आले.

त्या काळी युरोपातला खेळाडू म्हणजे मऊ, असा इथे समज. ‘चिकन स्वीड’ म्हणायचे. भित्रा स्वीडिश. काठीने मारायचे, भिंतीवर चेपायचे, भांडण उकरून काढायचे. दुसऱ्याच सामन्यात गाठ पडली ती फिलाडेल्फियाशी, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात दांडगट टीमशी. हा मागे हटला नाही आणि परतही गेला नाही. 1976 च्या कॅनडा कपमध्ये तो स्वीडनकडून, म्हणजे आपल्याविरुद्ध, मेपल लीफ गार्डन्समध्ये, लीफ्सच्याच रिंकवर उतरला, तर सगळं गार्डन उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. बेसमेंटमध्ये आम्हीही उभे राहिलो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

कारण असं, की त्याच्या थोडंच आधी सबवेच्या प्लॅटफॉर्मवर एकाने मला तोच शब्द ऐकवून धक्का दिला होता. माझी टोपी रुळांवर गेली. आईने विणलेली. त्या आठवड्याला घरी पाठवलेल्या निळ्या एरोग्राममध्ये, म्हणजे विमानाच्या पत्रात, मी काय लिहिलं? ‘इथली माणसं फार चांगली आहेत. थंडी तेवढी जास्त. टोपी रोज घालतो.’

तुम्ही काय लिहायचात, ते मला माहीत आहे.

आता थोडं रागवतो, वयाचा मान म्हणून ऐकून घ्या. आपले आईबाप रिंकवर कसे असतात? “गोल किती मारलेस?” गाडीत बसल्यावरचा पहिला प्रश्न. अहो, ती डिफेन्सला आहे! तिने उलटं स्केटिंग करत समोरच्याला कडेला रेटलं, मधली वाट बंद केली, त्याने वैतागून लांबून फटका मारला आणि गोलकीपरने तो आरामात अडवला. हे तिचं काम. ते नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याचे मार्क आपण कुणाला देत नाही. साल्मिंगचेच आकडे बघा. टोरंटोकडून 16 सीझन, 1,099 सामने, गोल 148. असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला लावलेला हातभार, मात्र 620, या क्लबचा तो अजूनही विक्रम आहे. स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, नाही. (लीफ्सचा विषय निघाला की कपचं बोलायचं नाही, हे आपण सगळे शिकलोय.) आपल्याकडच्या एखाद्या काकांनी लगेच विचारलं असतं, “बाकी ठीक, पण पहिला नंबर का नाही?”

1986 मध्ये गोलसमोरच्या झोंबाझोंबीत तो खाली पडला आणि एकाच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. चुकून. दोनशेच्या वर टाके. तो पुन्हा खेळायला आला. हे मी नातीला फार कौतुकाने सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी, तिच्या स्केटच्या लेस बांधताना. लेस अशा घट्ट ओढाव्या लागतात, की माझी बोटं लाल होतात. हुकने ओढल्या तरी शेवटची गाठ हातानेच. ती पाय माझ्या मांडीवर ठेवून ऐकत होती. “मग तो रडला का?” “छे!” मी म्हणालो. मला काय माहीत, तो रडला की नाही? पण म्हणालो.

दोन वर्षांपूर्वी. हिशेब तुम्हीही केला असेल.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये तोच साल्मिंग पुन्हा इथल्या बर्फावर उभा राहिला. एएलएस, म्हणजे हळूहळू स्नायू निकामी करणारा आजार, झाला होता. वाचा गेलेली, हात वर होत नव्हता. त्याचा जुना कप्तान डॅरिल सिटलर याने तो हात धरून वर केला. दोघं ढसाढसा रडत होते आणि हजारो लोकांना ते दिसत होतं. पुढे दोन आठवड्यांच्या आत तो गेला. ते दृश्य मी घरी एकट्याने पाहिलं, आणि नात खोलीत आल्याबरोबर चॅनेल बदललं.

मुलगा म्हणतो, कोचला सांगायचं. सूनबाई म्हणतात, आधी तिला विचारा. ती म्हणते, “मी बघते ना.” आजच्या भाषणाची परवानगी तिनेच दिली, दोन अटींवर. तो शब्द सांगायचा नाही आणि तिचं नाव घ्यायचं नाही. आत्ता ती मागे कोट ठेवलेत तिथे बसलीय, फोनमध्ये. मान वर करत नाहीये, म्हणजे ऐकतेय.

उद्या सकाळी पावणेसहाला आइस टाइम आहे. बॅग गाडीत टाकलीय. त्या बॅगेच्या वासाबद्दल हिवाळ्यात कोणी बोलायचं नसतं. लेस मीच बांधणार. माझ्या टोपीची गोष्ट तिला अजून सांगितलेली नाही. उद्या सांगावी, असं रात्री वाटतं. पहाट झाली की वाटतं, तिला खेळायचंय, कशाला आत्ता.

तिळगूळ डाव्या बाजूच्या टेबलावर आहे. जरा कडक झालाय, आमच्याच घरचा आहे.