बेसाल्ट : पाण्यातला की आगीतला?

हा दगड उचलला की आधी जाणवतं ते वजन. काळा, घट्ट, आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर आत काहीच नाही असं वाटतं. पण अठराव्या शतकात युरोपातले मोठमोठे अभ्यासक याच दगडावरून भांडत होते. जर्मनीतले भूशास्त्रज्ञ वेर्नर आणि त्यांचे शिष्य म्हणायचे की बेसाल्ट समुद्राच्या पाण्यात साका बसून झालाय, आणि फ्रान्सचे देमारे १७६३ साली ओव्हर्न्यच्या डोंगरांत फिरून सांगत होते की अहो, बेसाल्टचे हे खांब जुन्या लाव्हाच्या प्रवाहातलेच आहेत, मी बघून आलोय.

पाणीवाल्यांचा एक मुद्दा मात्र जोरदार होता. दगड वितळवून गार केला की काच होते, मग बेसाल्ट काचेसारखा का नाही?

१७९८ च्या सुमाराला एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी तिथला काळा दगड सरळ भट्टीत घालून वितळवला. झटकन गार केला तर खरंच काच झाली, पण तोच रस हळूहळू गार होऊ दिला तर परत दाणेदार दगड! एटना आणि व्हेसुव्हियसचा लाव्हा घेऊन बघितला, तरी तेच. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण बेसाल्ट कसा वाचायचा ते सगळं यातच आहे. दाणा मोठा असेल तर रस निवांत गार झालाय, दाणा बारीक असेल तर घाईत, आणि काच असेल तर स्फटिकांना वेळच मिळाला नाही.

आता याच दगडाचा पातळ काप बघूया, जाडी फक्त ०.०३ मिलिमीटर, म्हणजे आरपार उजेड जातो. पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात आणल्यावर काळ्या दगडातून एकदम निळे, गुलाबी, पिवळे रंग उठतात, ते ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या खनिजांचे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या लांबट कांड्या दिसतायत ना, ते प्लॅजिओक्लेज, आणखी एक खनिज. आणि हा मोठा ऑलिव्हिनचा दाणा नीट बघा, आजूबाजूचं सगळं बारीक आणि हा एकटाच एवढा मोठा कसा? तर हा जमिनीच्या पोटात, मॅग्मा, म्हणजे वितळलेला रस, अजून खालीच होता तेव्हा सावकाश वाढला, मग उद्रेकात रसासोबत वर आला, आणि बाकीचा रस बाहेर येऊन पटकन गोठला. एकाच कापात दोन मुक्कामांची नोंद आहे. ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा हा रस, पाण्यात साका बसून असलं काही होत नाही.

मग दगडातली ही भोकं. मॅग्मा वर येताना दाब कमी होतो, विरघळलेला वायू सुटतो, अगदी सोड्याची बाटली उघडल्यासारखं, आणि रस गोठला की बुडबुडे जागच्या जागी अडकतात. वाहत्या लाव्हात ते ताणले जातात, त्यामुळे लांबट भोकांवरून प्रवाहाची दिशा कळू शकते. कधी कधी या भोकांत झिओलाइट किंवा कॅल्साइट ही पांढरी खनिजं भरलेली असतात, आणि इथे पाणी खरंच आलेलं असतं, पण दगड झाल्यानंतर, भेगांतून झिरपत. पाणीवाल्यांची सगळीच फसगत होती असं नाही म्हणून मी हे मुद्दाम सांगतोय.

लाव्हा समुद्रात उतरला तर उशीसारखे गोळे होतात, वरची साल काचेची आणि आत दाणे. हॉलच्या भट्टीतले दोन्ही निकाल एकाच गोळ्यात.

आणि आता हा शेवटचा तुकडा. १९६९ मध्ये अपोलो ११ ने आणलेला चंद्राचा बेसाल्ट. तेच प्लॅजिओक्लेज, तेच पायरॉक्सिन, तीच बुडबुड्यांची भोकं. वय ३५० कोटी वर्षांहून जास्त. तिथे ना पाऊस, ना झिरपणारं पाणी, त्यामुळे भोकं अजून रिकामी आहेत, आणि काप भिंगाखाली धरला तर स्फटिकांच्या कडा इतक्या स्वच्छ की लाव्हा आत्ताच गोठलाय असं वाटतं.