उभारलेलं लेणं

संयोजकांनी पत्रिकेत ‘कोरिया दर्शन’ असं छापलंय. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही. मी एकच गाव सांगणार आहे आणि तिथला एकच दिवस. गावाचं नाव ग्योंगजू. सोलहून वेगवान रेल्वेनं दोनेक तासांवर. परंपरेनं इसवी सनपूर्व ५७ पासून इसवी सन ९३५ पर्यंत, म्हणजे हजार वर्षांना थोडी कमी, सिल्ला राज्याची राजधानी इथेच. आपल्याकडे भाडेकरूनं बिऱ्हाड बदलावं तशा राजधान्या बदलल्या, त्यामुळे मला या चिकाटीचंच पहिलं कौतुक वाटलं.

मी पेशानं सिव्हिलवाला. देवळात गेलो की माझी नजर देवाआधी जोत्याकडे जाते. यावरून घरी बोलणी खाऊन झाली आहेत, तेव्हा तुम्ही सांभाळून घ्या.

सकाळी स्टेशनजवळून दहा नंबरची बस धरली आणि बुल्गुक्साला उतरलो. आठव्या शतकातलं बौद्ध मंदिर. किम देसॉंग नावाच्या मंत्र्यानं ७५१ साली काम काढलं. समोर दगडी जिना आहे, तेहतीस पायऱ्यांचा. तेहतीस हा आकडा आपल्या ओळखीचाच: तेहतीस देवांचा स्वर्ग, त्रायस्त्रिंश. तो इथून चालत तिकडे गेला आणि जिना झाला. आता त्यावर चढू देत नाहीत, बाजूनं जावं लागतं. मी त्या जिन्याशेजारच्या भिंतीपाशी अर्धा तास उभा होतो. खाली नैसर्गिक धोंडे आहेत, ओबडधोबड, जसे सापडले तसे. त्यांच्यावर घडीव चिरे बसवायचे होते. आपण काय केलं असतं? धोंडा फोडून सपाट केला असता. या लोकांनी धोंड्याला हात लावला नाही. वरच्या चिऱ्याची खालची बाजू त्या धोंड्याच्या उंचवट्या-खळग्यांबरहुकूम तासली आणि वर नेऊन बसवली. सांध्यात नख घालून बघितलं, जात नाही.

१५९३ साली जपानी स्वारीत इथलं लाकूडकाम जळून गेलं. आज दिसतो तो बराचसा परिसर १९६९ ते १९७३ च्या जीर्णोद्धारातला. दगडी काम मात्र जुनं. अंगणात दोन स्तूप-मनोरे आहेत. एक दाबोताप, नक्षीदार, नटवा. दुसरा सॉक्गाताप, साधा तीन मजली. १९६६ साली चोरांनी त्या साध्या मनोऱ्याची मोडतोड केली, म्हणून दुरुस्तीला उलगडला, तर आत लाकडी ठशांनी छापलेली धारणीची, म्हणजे बौद्ध मंत्रांची, गुंडाळी निघाली. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत ती मोजतात. चोरांचे आभार मानायचे की नाही, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. नटव्या दाबोतापचं चित्र तिथल्या दहा वॉनच्या नाण्यावर आहे. हे लक्षात ठेवा, संध्याकाळी कामाला येईल.

तिथून दुसरी बस तोहामसान डोंगर चढते, सॉक्कुराम नावाच्या लेण्याला. खरं तर मी इथे आलोय तो या एका जागेसाठी.

आपण लेणी बघत मोठे झालो. भाजे, कार्ले, अजिंठा. आपला काळा पाषाण थरांचा, छिन्नीला दाद देणारा, म्हणून आपल्या कारागिरांनी डोंगरात वरून खाली पोकळी काढली. लेणं म्हणजे वजाबाकी. जुन्नरला तुळजा लेणं ज्यांनी पाहिलंय त्यांनी ते डोळ्यांसमोर आणा: गोल दालन, भोवती बारा खांब, वर घुमट. लेण्याची ही कल्पना बौद्ध धर्माबरोबर मध्य आशिया, चीन करत कोरियात पोचली. पण तिथला दगड ग्रॅनाइट. त्यात एवढं दालन कोरायचं म्हणजे पिढ्या जातील. मग त्यांनी काय करावं? शेकडो शिळा घडवल्या, डोंगराच्या कुशीत त्या एकमेकींत अडकवून गोल दालन आणि घुमट रचला, आणि वर माती लोटून डोंगर पुरा केला. आपल्या वजाबाकीचं उत्तर त्यांनी बेरजेनं काढलं.

घुमटाच्या शिळांमध्ये ठरावीक अंतरावर लांब दगड खुपसले आहेत. त्यांची डोकी आत दिसतात, शेपट्या मागे भरावात गाडलेल्या. त्या वजनानं घुमट पेलला जातो. माथ्यावरची शिळा बसवण्याआधीच तिचे तीन तुकडे झाले, किम देसॉंग संतापून तसाच झोपला आणि रात्री देवांनी येऊन ती बसवली, अशी आख्यायिका. तडे आजही आहेत. साइटवर शेवटचा स्लॅब तडकला की काय होतं ते मला ठाऊक आहे. देव माझ्याकडे आले नव्हते, एवढाच फरक.

आत साडेतीन मीटरच्या आसपास उंचीचा बुद्ध, भूमिस्पर्श मुद्रेत, पूर्वेला समुद्राकडे तोंड करून. बघायचं मात्र काचेआडून. १९१३ नंतर जपानी राजवटीत दुरुस्तीला शिळा उतरवल्या आणि परत रचताना बाहेरून काँक्रीटचं जाड कवच दिलं. त्या काळात सिमेंट म्हणजे सर्व रोगांवर औषध. झालं उलटंच. आतली हवा कोंडली, ओल धरली, मूर्तींवर शेवाळ आलं. १९६० च्या दशकात वर आणखी एक काँक्रीटचा घुमट चढवला आणि आत यंत्रानं हवा कोरडी ठेवायला सुरुवात झाली. ती आजही चालू. बाराशे वर्षांपूर्वीचं काम आज यंत्रावर जगतंय आणि तिथे नेऊन ठेवणारे आम्ही, सिव्हिलवाले. मी तिथे टोपी काढली, ती निव्वळ भक्तीनं नव्हे.

दुपारी शहरात परत, सॉंगदोंग बाजारात. सुकी मासळी, तांदळाचे केक, आख्खे उकडलेले ऑक्टोपस, आणि श्राद्धाच्या पानासाठी खारवलेल्या शार्कचे जाड तुकडे. आमच्या सौ.नं शार्क पाहून नाक मुरडलं, पण पितरांसाठी आहे म्हटल्यावर वाकून नीट बघितलं. तिथे गिऱ्हाइकं दुकानवाल्या बायकांना ‘इमो’ म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे आईची बहीण. म्हणजे मंडईत आपण ‘मावशी, कोथिंबीर कशी?’ म्हणतो ना, शब्दशः तेच! सौ.नं लगेच ‘इमो’ म्हणून दोन गिंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, मागितले. मावशीनं वर मुळ्याचं लोणचं घातलं.

मग राष्ट्रीय संग्रहालय. सोन्याचे मुकुट आहेत, गर्दी तिथेच असते, तुम्ही गेलात की बघालच. मी अंगणातल्या घंटेबद्दल बोलतो. राजा सॉंगदॉकच्या स्मरणार्थ ७७१ साली पुरी झालेली, वजन सुमारे १९ टन. आत लोळी नाही. बाहेरून आडवा ओंडका आपटून वाजवायची. माथ्यावर एक पोकळ नळी असते, ही कोरियन घंटेची खूण. आता ती प्रत्यक्ष वाजवत नाहीत, ध्वनिमुद्रण ऐकवतात. नाद सरळ विरत नाही, मोठा-लहान, मोठा-लहान होत श्वास घेतल्यासारखा जातो. ओतकामात लहान मूल टाकल्यावरच घंटा वाजली आणि तिच्या आवाजात ते मूल आईला हाक मारतं, अशी लोककथा. आपल्याकडे विहिरीला पाणी लागावं म्हणून सून दिल्याच्या कथा आहेत, त्याच जातीची. मोठं काम उभं राहिलं की लोकांना कुणाचा तरी बळी गेल्याशिवाय पटत नाही.

संध्याकाळी ‘दहा वॉन’ खाल्ला. नाण्याच्या आकाराचा गरम केक, वर दाबोताप उठवलेला, आत चीज. नाण्याचं चित्र वापरल्याबद्दल २०२३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं हरकत घेतली होती, पुढे नियम सैल केले. मला स्वतःला ह्वांगनाम-पांग आवडलं: लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, पातळ पारी. तूप तेवढं नव्हतं.

ते खात आम्ही ग्येरिम नावाच्या झाडीत पोचलो. लहानशी, वाकड्या बुंध्यांची. सिल्ला देशालाही जुन्या काळी ग्येरिम म्हणत. इथला ह्येचो नावाचा तरुण भिक्षू आठव्या शतकात पायी हिंदुस्थानभर फिरला. ७२७ मध्ये तो परतीच्या वाटेवर मध्य आशियात होता. त्याच्या प्रवासवर्णनाची त्रुटित प्रत १९०८ साली चीनमधल्या दुन्हुआंगच्या गुहेत सापडली. दक्षिण भारतात चांदण्या रात्री त्यानं कविता लिहिली: इथे दक्षिणेत रानहंसही नाहीत, माझा निरोप घेऊन ग्येरिमकडे कोण उडेल?

तो घरी परतलाच नाही, चीनमध्येच राहिला. आम्ही बाकावर बसलो होतो. सौ. म्हणाली, पोरीला फोन लावा, तिकडे साडेतीन वाजले असतील, ती उठली असेल दुपारची.