कथेबाहेरचे दोघे भाऊ

(दृश्य: कृष्णधवल चित्र. भव्य सेट, वाद्यवृंद, मागे रुंद जिना. संगीत अजून सुरू झालेलं नाही.)

'स्टॉर्मी वेदर'. साल १९४३. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा हा चित्रपट जेमतेम ७८ मिनिटांचा. गोष्ट विचाराल, तर सांगण्यासारखी फारशी नाही. एक नर्तक, एक गायिका, प्रेम, ताटातूट आणि शेवटी भेट. नायक बिल रॉबिन्सन तेव्हा साठी ओलांडलेले, नायिका लीना हॉर्न पंचविशीच्या आसपास. हे प्रेम त्या काळातही कुणाला पटलं असेल, असं वाटत नाही.

पण चित्रपट संपत आलेला असताना गायक आणि वाद्यवृंदप्रमुख कॅब कॅलोवे गायला लागतात आणि टेलकोट घातलेले दोन भाऊ पुढे येतात. फायार्ड आणि हॅरोल्ड निकोलस. या दोघांचा कथेशी काडीचाही संबंध नाही. त्यांना नाव नाही, संवाद नाही. पुढची काही मिनिटं मात्र चित्रपट त्यांचाच.

(दृश्य: दोघे भाऊ वाद्यवृंदात शिरतात.)

वादक बसलेत, त्यांच्या मधल्या चौथऱ्यांवरून हे दोघे टणाटण उड्या मारत जातात. मग थेट पियानोवर. खाली वादक एक जागा घेतो, वर यांचे पाय तिला उत्तर देतात. आपल्याकडचा सवाल-जवाबच हा, फक्त जवाब बुटांच्या तळव्यांतून येतो.

आणि मग जिना. एक भाऊ पायरीवर, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर. तोही उभा उतरत नाही. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही आडवे फाकवून, अंग थेट पायरीला टेकवत. लगेच पहिला त्याच्यावरून आणखी खाली. असं करत करत अख्खा जिना. त्या बसलेल्या अवस्थेतून उठताना हात टेकत नाहीत, हे बघायला तुकडा पुन्हा लावावा लागतो. पहिल्या वेळी डोळ्यांना ते पकडताच येत नाही.

फायार्ड पुढे सांगायचे, की नृत्यदिग्दर्शक निक कॅसल यांनी तालीम करू नका, थेट करूनच टाका, असं सांगितलं होतं. आणि जिन्याचा तो भाग एका टेकमध्ये झाला. त्या काळचे हॉलीवूडमधले नामवंत नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर, खुद्द त्यांनी या नृत्याला चित्रपटांतलं सर्वोत्तम नृत्य म्हटल्याचं सांगतात. अस्टेअर हे काही उगाच कौतुक उधळणारे गृहस्थ नव्हते.

(दृश्य: वरून घेतलेलं चित्र. शेकडो पावलांची फुलं उमलतात, मिटतात.)

या काही मिनिटांच्या करामतीला एवढी किंमत का, ते कळायला दहा वर्षं मागे जाऊ. १९३३. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कली कॅमेरा छताला नेऊन ठेवत. खाली डझनावारी मुलींची वर्तुळं, पाकळ्या, चक्रं. डोळे दिपतात, पण त्यातली एखादी मुलगी नाचते कशी, याचा पत्ता लागत नाही. नाचत असतो तो कॅमेरा.

त्याच वर्षी आरकेओ स्टुडिओत अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स पहिल्यांदा एकत्र आले. १९३९पर्यंत दोघांनी तिथे नऊ चित्रपट केले. अस्टेअर यांचा आग्रह साधा होता. नाचणारं माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसलं पाहिजे, आणि मध्ये कात्री कमीत कमी चालली पाहिजे. मधेच प्रेक्षकाचा चेहरा नको, नुसत्या पावलांचा तुकडा नको.

आग्रह साधा, पण तो निभावणं महाकर्मकठीण. तीन मिनिटं सलग चित्रण म्हणजे शेवटच्या गिरकीला पाय चुकला की सगळं पहिल्यापासून. १९३६च्या 'स्विंग टाइम'मधल्या एका नाचाचे ४७ टेक झाल्याचं सांगतात. त्या दिवशी रॉजर्सच्या पायांतून रक्त येत होतं. पडद्यावर बघा, चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही. या कलावंतांची मोहिनी आजही उतरत नाही याचं माझ्या मते हेच कारण. शरीर पूर्ण दिसतं, वेळ अखंड दिसतो, कष्ट तेवढे दिसत नाहीत.

एक गंमत मात्र सांगायला हवी. तुम्हाला ऐकू येणारी टॅपची, म्हणजे बुटांच्या तळाच्या धातूच्या पट्ट्या ठेक्यात वाजवत केलेल्या या नाचाची, टकटक बहुधा त्या क्षणाची नसते. गाणं आधी ध्वनिमुद्रित व्हायचं, ते सेटवर वाजवून चित्रण व्हायचं, आणि पावलांचा आवाज नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत, पुन्हा नाचून भरला जायचा. म्हणजे तोच नाच दुसऱ्यांदा, तंतोतंत त्याच लयीत. आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं. आपल्याला याचं नवल वाटू नये.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. दोन मुलगे, एकसारखे सूट.)

निकोलस बंधू नाच शिकायला कुठे गेलेच नाहीत. फायार्डचा जन्म १९१४चा, हॅरोल्डचा १९२१चा. वडील ड्रम वाजवायचे, आई पियानो. फिलाडेल्फियाच्या स्टँडर्ड थिएटरमध्ये त्यांचा वाद्यवृंद होता. छोटा फायार्ड तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या नर्तकांना बघायचा, घरी येऊन करून पाहायचा आणि मग धाकट्याला शिकवायचा. १९३२मध्ये दोघे न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या कॉटन क्लबात पोचले. रंगमंचावर सगळे कृष्णवर्णीय, समोर टेबलांवर सगळे गोरे, असा त्या क्लबाचा रिवाज. हॅरोल्ड तेव्हा अकरा वर्षांचा होता.

तिथून हॉलीवूड. १९४०चा 'डाउन अर्जेंटाइन वे', १९४१चा 'सन व्हॅली सेरेनेड', १९४२चा 'ऑर्केस्ट्रा वाइव्ह्ज'. जवळजवळ दर वेळी साचा तोच. दोघे येतात, थिएटर डोक्यावर घेतात, निघून जातात. आधी नाहीत, नंतर नाहीत.

हा योगायोग नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय कलावंतांची दृश्यं चित्रपटगृहात पोचण्याआधीच कापली जात. म्हणून स्टुडिओ ती कथेपासून सुटीच ठेवत. काढली तरी गोष्ट अडायला नको! लीना हॉर्न यांच्या वाट्यालाही इतर चित्रपटांत हेच आलं. 'स्टॉर्मी वेदर'ची गोष्ट वेगळी, कारण त्यात मुख्य कलावंत सगळे कृष्णवर्णीय. पण मोठ्या स्टुडिओंचे असे चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१९४८च्या 'द पायरेट'मध्ये नर्तक-अभिनेते जीन केली यांनी या दोघांना सोबत घेतलं. तिघे एका ओळीत, बरोबरीने. हा नाच कापून चित्रपट दाखवणारी शहरंही निघाली. त्यानंतर भावांनी बराच काळ युरोपच्या रंगमंचांवर काढला. ज्या वयात अस्टेअर आणि केली यांना नायकाच्या भूमिका चालून येत होत्या, त्या वयात यांना तशी एकही मिळाली नाही. हॅरोल्ड उत्तम गायचा, दिसायला देखणा होता. हिशेब कुठे अडला, ते उघड आहे.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर तोच जिना.)

आता काळाने केलेली उलटापालट बघा. कापता यावा म्हणून सुटा ठेवलेला तुकडाच शिल्लक राहिला, आणि ज्या कथेला धक्का लागू नये म्हणून एवढी काळजी घेतली, ती कुणी बघत नाही. १९९०मध्ये पॉपगायिका जॅनेट जॅक्सनने 'ऑलराइट' या गाण्याच्या व्हिडिओत या दोघा भावांना आणि कॅब कॅलोवे यांना आवर्जून आणलं. १९९१मध्ये भावांना केनेडी सेंटरचा सन्मान, म्हणजे कलेतल्या आयुष्यभराच्या कामगिरीसाठीचा अमेरिकेतला मोठा मान, मिळाला. हॅरोल्ड २००० साली गेले, फायार्ड २००६ साली.

हल्ली या जुन्या नाचांवर आजची गाणी चढवलेले व्हिडिओ फिरत असतात. बघायला मजा येते, नाही असं नाही. पण मला ते पटत नाहीत. टॅपमध्ये पाय हेच वाद्य आहे. त्यावर दुसरं गाणं घालायचं म्हणजे तबलजीला बसवून त्याचा माइक बंद करायचा. तेव्हा मूळ तुकडा शोधा. आणि पियानोवरचा तो सवाल-जवाब आला, की आवाज वाढवा.