एक उकळते, एक उपाशी: चोवीस व्होल्टच्या गाडीतलं ओव्हरचार्जिंग

ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे सीरिजमध्ये, जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. असा ट्रक बॅटरीच्या तक्रारीसाठी आला की लक्षणं बहुधा ठरलेली असतात. दोनपैकी एकाच बॅटरीचं पाणी झपाट्यानं आटतं, झाकणांभोवती ओल, क्लॅम्पवर पावडर, पेटी उघडली की सडक्या अंड्यांसारखा वास. ओव्हरचार्जिंग आहे, हे निदान बरोबर. पण लगेच पुढचं वाक्य येतं, "कटआउट बदला", आणि तिथूनच पैसे वाया जायला लागतात. नवा कटआउट, म्हणजे रेग्युलेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बसतो, मीटर २८.३ व्होल्ट दाखवतो, सगळे खूश. पंधरा दिवसांनी तीच बॅटरी पुन्हा कोरडी.

मीटरची टोकं कुठे लावली होती ते आठवा. एक स्टार्टरकडे जाणाऱ्या प्लसवर, दुसरं चॅसीवर. म्हणजे मोजली ती दोन बॅटऱ्यांची बेरीज. १४.१५ अधिक १४.१५ म्हणजे २८.३, आणि १३.० अधिक १५.३ म्हणजेही २८.३. रेग्युलेटरलाही ही बेरीजच कळते. आत कोण किती खातंय, हे त्याला दिसत नाही. म्हणून पहिलं मोजमाप नेहमी प्रत्येक बॅटरीवर वेगळं घ्यायचं, आणि तेही क्लॅम्पवर नाही, शिशाच्या टर्मिनलवर.

जिचा मायनस चॅसीला जातो तिला खालची म्हणू, जिचा प्लस स्टार्टरकडे जातो तिला वरची. केबिनमधला टेप, मोबाइल चार्जर, पंखा हे सगळं १२ व्होल्टचं. सोपा मार्ग म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर काढतात. टेप वाजतो, काम झालं. पण तो सगळा करंट एकट्या खालच्या बॅटरीतून जातो. सरासरी २ अँपिअर, दिवसाचे ८ तास धरले तर १६ अँपिअर-अवर. वरचीतून यातलं काहीच जात नाही.

आता अल्टरनेटर चार्ज करायला लागतो. बॅटऱ्या सीरिजमध्ये आहेत, तेव्हा जो करंट खालचीतून जातो तोच वरचीतून जातो. खालचीला १६ अँपिअर-अवर परत हवेत, वरचीला एकही नको. खालचीच्या पोटात जाणारा प्रत्येक अँपिअर-अवर वरचीला जादा. बॅटरीत सहा सेल, म्हणजे कप्पे असतात. भरलेल्या सेलमध्ये जादा अँपिअर-अवर आला की तो जवळजवळ सगळा पाणी फोडण्यात जातो. दर अँपिअर-अवरला एका सेलमागे ०.३३६ ग्रॅम, सहा सेलना मिळून सुमारे २ ग्रॅम. खालचीचे १६ च्या १६ भरून निघाले तर वरचीचं रोज ३२ मिलिलिटर पाणी उडेल, महिन्याला साधारण एक लिटर. प्रत्यक्षात तेवढे भरत नाहीत, कारण वरची भरलेली असल्यामुळे करंट लवकर घसरतो. म्हणून खालची अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतो. एक उकळून मरते, दुसरी उपाशी. दोघींचं कारण एकच, ती मधली वायर.

तपासणी अशी करा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, दोन्ही मोजा. खालची १२.२ आणि वरची १२.८ अशी तफावत दिसली तर अर्धं उत्तर मिळालं. मग इंजिन १५०० आरपीएमवर दहा मिनिटं ठेवून पुन्हा मोजा. बेरीज २७.६ ते २८.८ मध्ये आहे, पण एक बॅटरी १४.८ च्या वर आहे, तर अल्टरनेटरला हात लावू नका. मधल्या जोडावरची जादा वायर काढा, दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून १२ व्होल्टच्या चार्जरवर वेगवेगळ्या पूर्ण भरा, परत जोडा आणि मोजा. फरक ०.३ व्होल्टच्या आत आला तर दोष वायरचाच होता. नाही आला तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घ्या. एकाच बॅटरीतल्या सेलमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक असेल तर तो सेल गेला.

हायड्रोमीटर इथे एक फसवणूक करतो. पाणी उडालं की उरलेलं ॲसिड घट्ट होतं, वाचन १.३०० येतं आणि वाटतं बॅटरी झकास आहे. भरलेल्या बॅटरीचं वाचन १.२६५ ते १.२८० असतं, त्यावर गेलं की आधी पातळी बघा. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर टाका. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडण्यापुरतंच. ॲसिड मात्र टाकायचं नाही.

उपाय म्हणजे २४ चं १२ करणारा रिड्यूसर. त्याचा इनपुट वरच्या प्लसवरून आणि चॅसीवरून, फ्यूज बॅटरीच्या टोकाला, आणि चालू-बंद चावीवर, नाहीतर तो रात्रभर स्वतःच थोडं थोडं पीत बसतो. काही जण दर महिन्याला वरची खाली, खालची वर करतात. ते दुखणं दोघींत वाटून देणं झालं. काही जण तर टेपच वरच्या बॅटरीवर लावतात. टेपचा मायनस मग मधल्या जोडावर जातो, पण अँटेनाच्या वायरची जाळी चॅसीला टेकलेली असते. खालची बॅटरी त्या जाळीतून शॉर्ट होते आणि केबिनमधून धूर निघतो. बॅटरी बदलायची वेळ आली तर जोडीच बदला, एकाच क्षमतेची, एकाच वेळी घेतलेली. नव्या-जुन्याची जोडी लावली की तफावत पहिल्या दिवसापासून सुरू.

बेरीजच २९ च्या वर असेल तेव्हा मात्र रेग्युलेटरकडे वळायचं. व्होल्टेज आरपीएमबरोबर चढतच गेलं, ३१, ३२, तर रेग्युलेटर आतून शॉर्ट आहे. जास्त आहे पण एका जागी स्थिर आहे, तर रेग्युलेटर चुकीचं वाचतोय. बाहेर बसवलेल्या रेग्युलेटरची अर्थ वायर गंजून तिथे ०.८ व्होल्ट पडत असतील, तर त्याला ०.८ कमी दिसतात आणि तो तेवढे वाढवतो. इंजिन चालू ठेवून रेग्युलेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस आणि सेन्स वायरचं (रेग्युलेटरला व्होल्टेज कळवणारी वायर) टोक ते बॅटरीचा प्लस असं मोजा, कुठेही ०.१ ते ०.२ पेक्षा जास्त नको.

चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्याची गोष्ट वेगळी. दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून बारा सेलना तापमानाच्या दर वाढत्या अंशाला सुमारे ०.०५ व्होल्ट कमी लागतं. २५ अंशांना चालणारे २८.४ बॅटरी ४५ अंशांवर गेली की जवळजवळ एक व्होल्टने जास्त होतात. तिथे रेग्युलेटर बरोबर असूनही पाणी जास्त जाणार. पेटीला हवा खेळती ठेवा आणि सायलेन्सरच्या बाजूला पत्रा लावा.

रुग्णवाहिका किंवा कॅम्पर व्हॅनमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या रिलेमार्फत (विजेवर जोडणारा-तोडणारा स्विच) पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस अशा असतात. तिथे दोघींवर व्होल्टेज एकच, तरी एकच उकळते. तिच्यात एक सेल शॉर्ट झालेला असतो. १४.२ व्होल्ट सहाऐवजी पाच सेलमध्ये वाटले जातात, म्हणजे प्रत्येकी २.८४, २.४ लाच बुडबुडे सुरू होतात. सोडवून बारा तास ठेवली की ती १०.५ च्या आसपास येते. दुसरी शक्यता, सेन्स वायर दुसऱ्या बॅटरीवर घेतलेली आणि रिले उघडलेला. रेग्युलेटरला १२.५ दिसतात, तो वाढवत जातो, आणि मार पहिल्या बॅटरीवर.

रिले तपासायला इंजिन चालू असताना बॅटरी काढून बघायची सवय सोडा. लोड अचानक तुटला की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, जातो. शिवाय उकळलेल्या बॅटरीच्या पेटीत हायड्रोजन असतो. हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. आधी झाकण उघडून दहा मिनिटं थांबा, मग चॅसीच्या टोकाची अर्थ काढा, बॅटरीवरची नाही.