भाव आपण सांगायचा

पत्रिकेत विषय छापलाय : उद्योग सुरू करताना लागणारी पाच कौशल्यं. भाव सांगणं, तक्रार ऐकणं, नाही म्हणणं, वसुली आणि माणसांकडून काम करून घेणं. पाचही घेईन, पण पहिल्यावर जास्त वेळ जाणार हे आत्ताच सांगून ठेवतो. आपल्या कोकणातले नवे उद्योग तिथेच अडतात, असं माझं ठाम मत आहे.

इथे बसलेल्या बहुतेकांना माल उत्तम करता येतो. आगळ, आमसुलं, आंबापोळी, तळलेले गरे, मालवणी मसाला... चवीत कोणी हरवणार नाही. गजालीला बसलो तर आपली रात्र सरते, पण गिऱ्हाइकाने ‘केवढ्याला?’ विचारलं की आवाज उतरतो. ‘तुम्ही काय परके आहात? द्या काय द्यायचं ते.’ झालं, इथे धंदा बसला. भीड भिकेची बहीण हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि दुकानाच्या उंबऱ्यावर नेमकं विसरतो.

ही भीड आली कुठून? हापूसचा बागायतदार पिढ्यानपिढ्या पेटी भरतो, गाडीत चढवतो, आणि भाव त्याला नंतर कळतो, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येतो तेव्हा. पट्टीवर विक्रीची रक्कम, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा, आणि खाली उरलेला आकडा. त्या दिवशी आवक किती होती, पेटी नक्की कितीला उठली, हे तो विचारू शकतो, पण विचारत नाही. कारण खतं, फवारणी, राखणदाराचा पगार यासाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच दलालाकडून घेतलेली असते. उचल घेतलेल्या माणसाची जीभ जड होते. रोजच्या रोज फोन करून भाव कळवणारे चोख दलालही आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. माझा राग या पद्धतीवर आहे. झाड आपलं, राखण आपली, थ्रिप्स या किडीच्या नावाने झोप उडालेली आपली, आणि किंमत बोलायचा हक्क मात्र दुसऱ्याचा. घरात हेच बघत वाढलेल्या मुलाला किंमत ही बाहेरून येणारी गोष्ट वाटते, पावसासारखी.

मग तोच मुलगा कोकम सरबताचा उद्योग काढतो. रातांबे, म्हणजे कोकमची फळं, उत्तम, यंत्रं नवी, लेबल देखणं. बाटल्या घेऊन दुकानात जातो आणि म्हणतो, ‘ठेवून घ्या, विकलं गेलं की द्या पैसे.’ हीच पट्टी, फक्त बाटलीत भरलेली. दुकानदाराचा एक रुपया अडकलेला नाही, त्यामुळे बाटली जाते खालच्या फळीवर, नाहीतर दारात उन्हात. उन्हाने आणि उष्णतेने कोकमचा लाल रंग उडतो, तपकिरी होतो. तीन महिन्यांनी निम्मा माल परत, ‘तुमचा माल चालत नाही’ या शेऱ्यासह.

यावर उपाय आहे. आधी कागद. एका बाटलीला साल किती, साखर किती, बाटली, बूच, लेबल, खोका, लाईट, वाहतूक, मजुरी. मजुरीत आईची आणि बायकोची मजुरीही धरायची. ती धरत नाहीत म्हणून कित्येक घरगुती उद्योग कागदावर नफ्यात दिसतात. समजा सगळं मिळून ११० रुपये पडले आणि तुम्ही दुकानदाराला १५० ला देता. सुटतात ४०. तो म्हणाला, ‘दहा टक्के कमी करा.’ ऐकायला किरकोळ वाटतं. पण दहा टक्के म्हणजे १५ रुपये, आणि ते जातात तुमच्या ४० मधून. उरले २५. पूर्वी १० बाटल्यांत जे ४०० सुटत होते, त्यासाठी आता १६ बाटल्या विकायला हव्यात. हा हिशेब डोक्यात पक्का असला की माणूस आपोआप सरळ बसतो.

मग बोलणं. किंमत पूर्ण वाक्यात सांगायची, ‘बाटली दीडशे रुपये, खोक्यात बारा,’ आणि गप्प बसायचं. आपल्याला ते जमत नाही. समोरचा दोन सेकंद विचार करत थांबला की आपणच म्हणतो, ‘बघा, तुमच्यासाठी एकशे चाळीस.’ त्याने मागितलेलंही नसतं! घासाघीस तो करणारच, तो त्याचा धर्म आहे. सूट द्या, पण काहीतरी घेऊन द्या. रोख असेल तर पाच रुपये कमी. पाच खोकी एकदम उचलली तर वाहतूक आमची. नुसतं तोंड बघून सूट दिली की पुढच्या खेपेला तीच त्याची किंमत होते. आणि पहिल्यांदा उधार द्यावंच लागलं तर एकच खोका, सही घेतलेलं चलन, आणि दुसरा खोका पहिल्याचे पैसे आल्यावर.

आता तक्रार. तिचंही मूळ आधी न बोलण्यात आहे. हापूसमधला साका घ्या. फळ बाहेरून सोन्यासारखं, कापलं की आत पांढुरकं, स्पंजासारखं, आंबट. बाहेरून तो ओळखता येत नाही. झाडावर जास्त तयार झालेल्या फळात आणि काढल्यावर उन्हाने तापलेल्या जमिनीवर ठेवलेल्या फळात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून चौदा आणे तयार, म्हणजे रुपयातले दोन आणे कमी इतपत तयार, फळ काढायचं, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठ ठेवून, आणि थेट सावलीत न्यायचं. इतकं करूनही एखादा निघतोच. हे सगळं बागायतदाराला पाठ असतं, पण पुण्यातल्या गिऱ्हाइकाला तो चकार शब्दाने सांगत नाही. ऑर्डर जाईल ही भीती. मग पाहुण्यांसमोर आंबा कापला जातो, साका निघतो, आणि गिऱ्हाईक धरून चालतं की आपल्याला फसवलं.

त्यापेक्षा पेटी निघायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा : ‘आंबा हिरवा निघतोय, पिकायला साधारण आठवडा लागेल. फ्रीजमध्ये ठेवू नका, पेंढ्यातच असू द्या, रोज चाचपून पिकलेले वेगळे काढा. साका बाहेरून दिसत नाही. निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे पुढच्या पेटीत वळते करू.’ हे वाचून पळणारं गिऱ्हाईक विरळा. उलट विश्वास बसतो, कारण वाईट बातमी तुम्ही स्वतः दिलीत. फळामागची ही भरपाईही किमतीच्या कागदावर आधीच धरून ठेवा.

तरी फोन येतोच. आला की माणसाला पूर्ण बोलू द्या. ‘आमच्याकडे असं कधी होत नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका, तुम्ही त्याला खोटा ठरवताय. तीन गोष्टी विचारा : पेटीवरची काढणीची तारीख, ठेवला कुठे होता, किती फळं गेली. पेटीवर तारीख आणि बागेचा भाग लिहिलेला नसेल तर पहिल्या प्रश्नाला उत्तरच नाही. एकाच भागातून चार तक्रारी आल्या तर तिथली काढणी उशिरा होतेय, हे गिऱ्हाईक तुम्हाला फुकट सांगतंय.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. राहिलेली तीन भराभर घेतो.

नाही म्हणणं. एप्रिलमध्ये मुंबईच्या मावशीचा फोन येतो, ‘सहा पेट्या पाठव, घरच्या भावात.’ उत्तर आधीच ठरवून ठेवा : ‘मावशी, घरच्यासाठी दोन डझन माझ्याकडून भेट. सोसायटीतल्या लोकांच्या पेट्यांचं बिल होईल.’ नातंही राहतं, हिशेबही. आणि झेपत नाही ती ऑर्डर घेऊ नका. बाहेरचा माल भरून आपल्या नावाने पाठवला की नाव आपलं जातं.

वसुली. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, तिचा नंबर बिलावर छापा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून माल तयार करत असाल तर २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली : या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा मिळत नाही. नुसता घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, हे लक्षात घ्या. पण कायदा पहिल्या फोनला काढायचा नसतो. मुदतीच्या तीन दिवस आधी गोड आवाजात फोन : ‘सोमवारी बिलाची तारीख आहे, कागदांत काही कमी नाही ना?’ मुदत उलटून महिन्याने केलेला फोन भांडणाचाच होतो.

माणसं. शिमग्याला पालखी घरी येते, गणपतीत तर सगळं गावच घरी असतं. तेव्हा कोणी कामावर येत नाही, आणि येऊही नये. वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्टीच्या तारखा विचारून भिंतीवर लावा, ऑर्डरी त्याप्रमाणे घ्या. बागेत नेपाळी कामगार असतील तर तयार फळाचं वर्णन करत बसू नका. कोवळं, चौदा आणे आणि जास्त झालेलं, अशी तीन फळं रोज सकाळी समोर ठेवा, हातात द्या, देठाजवळचे खांदे भरलेत का ते बोटाने दाखवा. आणि भावाभावांची भागीदारी असेल तर पगार कोणाला किती, नफा कधी वाटायचा, हे पहिला खोका विकायच्या आधी कागदावर घ्या.

बँकेचं राहिलं, ते प्रश्नांत घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी उचलीबद्दल हात वर केला होता, आधी त्यांना माईक द्या.