तीन परागकोष आणि अर्धं बी

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हाच्या ओंबीतलं एक कोवळं फूल उघडलं, तर आत तीन हिरवट परागकोष दिसतात. गहू स्वतःच्याच परागावर फळतो. म्हणून नवा वाण घडवायला दोन वाणांचा संकर करायचा, तर हे तिन्ही कोष पिकायच्या आत चिमट्यानं काढावे लागतात. एखादा जरी आत फुटला तरी ते फूल वाया! मग ओंबीला कागदी पिशवी घालायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून सोडायचा. एवढं करून हाती मूठभर दाणेसुद्धा येत नाहीत.

खरी परीक्षा पुढेच. दुसऱ्या पिढीपासून एकेका रोपाचा गुण वेगळा, आणि त्यातली बहुतेक रोपं काढून टाकायची असतात. मला वाटतं, या कामात टाकून देणाऱ्याची नजर सर्वांत मोलाची.

गव्हाचे नवे वाण घडवणारे अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे ती नजर होती. उंच गव्हाला खत जास्त झालं की तो लोळायचा. जपानच्या 'नोरिन १०' या बुटक्या गव्हाचा गुण त्यांनी मेक्सिकोतल्या वाणांत उतरवला. वर्षात दोन पिढ्या घेता याव्यात म्हणून हिवाळ्यात सोनोरात पेरायचं आणि उन्हाळ्यात उंचावरच्या टोलुकात. दोन्हीकडे तगला तोच गहू उरला, आणि दिवस लहान असो वा मोठा, त्याचं काही अडेना. म्हणूनच तो दूरदेशीही रुजला.

तेलबियांची गोष्ट तर मला फारच आवडते. रेपसीड म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबी. त्याच्या तेलात इरुसिक आम्ल भरपूर असायचं, आणि ते तब्येतीला बरं नाही असं मानलं जायचं. ते कमी असलेलं बी शोधायचं कसं? बी तपासलं की संपलं! कॅनडात कीथ डाउनी यांनी युक्ती काढली: इवल्याशा बीचं एक दल तपासायचं आणि कोंब असलेलं दुसरं पेरायचं. पुढे बाल्डर स्टेफान्सन यांनी १९७४ साली 'टॉवर' हा वाण दिला. त्याच्या तेलात हे आम्ल कमी होतं आणि पेंडीतली उग्र द्रव्यंही.

गहू आणि राय हे थंड मुलखातलं धान्य यांच्या संकरातून ट्रिटिकेल हे नवं धान्यही आलं. तांबेऱ्याला, म्हणजे पिकावरच्या बुरशीच्या रोगाला, रोखणारं एक जनुक गव्हानं रायकडूनच घेतलं होतं. कित्येक वर्षं ते पुरलं. मग युगांडात यूजी९९ हा तांबेऱ्याचा नवा प्रकार निघाला आणि ते जनुक निकामी ठरलं. तेव्हा पैदासकारांनी गव्हाचे जुने वाण आणि रानटी भाईबंद पुन्हा धुंडाळायला घेतले.